माझ्याभोवतीचा पार

मी एक जुनी खेजडी आहे. जयपूरहून आग्र्याच्या रस्त्याने बस्सी मागे टाकली की बाजरीच्या एका शेतात मी एकटीच उभी दिसेन. मित्रांनो, मला तुम्ही ओळखत नाही असे मात्र समजू नका. दसऱ्याला शमी म्हणून जिला हात जोडता, तीच मी.

माझे बी एका शेळीच्या पोटातून या वाळूत पडले. असा जन्म सांगायला दुसरे कोणी लाजले असते. मी नाही लाजत. पाणी खोल होते आणि मला ते हवेच होते, म्हणून मी आधी खाली वाढले आणि मग वर. दर थंडीत शेतकरी सुखदेव शेळ्यांसाठी माझ्या फांद्या छाटी, मी बोडकी होई. पण वैशाखात सगळे रान करपले की मी मुद्दाम हिरवीगार होई. हट्टी म्हणा हवे तर.

पुढे सुखदेवने हे शेत दिनकररावांना विकले. ते साताऱ्याकडचे, बँकेतून निवृत्त होऊन जयपूरच्या दुर्गापुरा भागातच राहिलेले. शेत कसायला सुखदेवच राहिला. पहिल्याच दिवशी त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाई मला पाहून ओरडल्या, "अहो, ही तर आपली शमी!" त्यांचे डोळे भरून आले आणि मी फुशारले. मग दर दसऱ्याला ते दोघे दोन-चार मराठी कुटुंबांना घेऊन मला भेटायला येऊ लागले.

"झाडाला पार नाही म्हणजे काय!" दिनकरराव एकदा म्हणाले. त्यांच्या गावच्या वडाला पार होता. त्यांनी हौसेने विटा, सिमेंट आणले. सुखदेवने बांधकाम केले, आत माझ्या कमरेपर्यंत माती भरली आणि वर खोडाभोवती वीतभर जागा सोडून कोट्याची फरशी बसवली. दिनकरराव माझ्या खोडाला पाठ टेकून बसत, गप्पा रंगत. मलाही ते आवडायचे, खोटे का बोलू?

पण माझ्या खोडाला कोरडे राहायची सवय. आता ते मातीत गाडले गेले होते. त्यात मंदाकिनीबाई मायेने बादलीभर पाणी ओतत आणि ते पाणी आतच मुरे. साल कुजली, वाळवी लागली. एका वैशाखात मी हिरवी झालेच नाही.

"बाबूजी, यह तो गई," सुखदेव हळहळला.

"वय झालं तिचं," दिनकरराव म्हणाले. दसरा झाला की मला तोडायचे ठरले.

मला असा राग आला! वय? मी अजून मरायला तयार नव्हते. माझे एक मूळ पाराखालून लांब शेतात गेले होते. अंगात उरलेला सगळा जीव मी त्याच्यात लोटला आणि बाजरी कापलेल्या रानात एक कोंब वर काढला.

दसऱ्याला मंदाकिनीबाई अक्षता आणि सुपारी घेऊन आल्या. झाड तोडण्याआधी त्याच्या मुळाशी अक्षता ठेवून क्षमा मागायची, ही त्यांच्या घरची रीत. त्या पारावर चढल्या आणि थबकल्या. जिकडेतिकडे फरशी. "मूळ कुठंय हिचं?" असे म्हणत त्या खाली उतरल्या आणि शोधत शोधत शेतात गेल्या. तिथे त्यांना माझा काटेरी, हिरवा कोंब दिसला. त्या तशाच परत आल्या. खोडाभोवतीच्या वीतभर जागेतली माती त्यांनी बोटांनी उकरली, तर ओली साल त्यांच्या हातात आली.

"अहो, ही म्हातारी होऊन मरत नाहीये. आपण गुदमरवलंय हिला. पार फोडा."

दिनकररावांनी फरशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "मंदा, जयपुरात इतकी वर्षं काढली. पण आपल्या भाषेत बोलत बसायला मला एवढीच जागा आहे गं."

"मग खाली बसा," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

दिनकररावांनी सुखदेवच्या हातातली पहार घेतली आणि पहिला घाव स्वतः घातला. संध्याकाळपर्यंत सगळे मिळून माती उपसत होते. कितीतरी वर्षांनी माझ्या बुंध्याला वारा लागला. मला रडता येत असते, तर मी रडले असते.

माझी एक बाजू वाळलेलीच निघाली, ती त्यांनी छाटली. दुसरी बाजू यंदाच्या वैशाखात मी हिरवी करून दाखवली. दसऱ्याला माझ्यापासून थोड्या अंतरावर वाळूत सतरंजी पसरली गेली. दिनकररावांचे गुडघे आता वाकत नाहीत. सुखदेवने एक हात धरला, मंदाकिनीबाईंनी दुसरा. "आता मला उठवणार कोण?" असे कुरकुरत ते खाली बसले आणि गप्पा सुरू झाल्या.

मित्रांनो, तुमच्या अंगणात किंवा शाळेत एखाद्या झाडाच्या बुंध्याला सिमेंट भिडले असेल, तर आजच मोठ्या माणसांना दाखवा. आमच्यावर माया करा, पण आमचे मूळ मोकळे ठेवा. माझ्या छाटलेल्या बाजूला आता बारीक डोळे फुटू लागले आहेत. येत्या वैशाखात या आणि बघा. तीही बाजू मी हिरवी करणार आहे.