दोघांचा सात नंबर

"मॅरेथॉनची फी एवढी? अहो बाई, एवढ्यात माझ्या दुकानाचं महिन्याचं भाडं भागतं!"

टेबलापलीकडची मुलगी हसली. "काका, त्यात टी-शर्ट आहे, मेडल आहे, वेळ मोजायची चिप आहे."

"शिंप्याला टी-शर्ट देता?" मास्तर म्हणाले. "आणि माझी वेळ मोजून कुणाचं भलं होणार? मी शेवटून तिसरा येतो, दरवर्षी न चुकता."

फॉर्म तसाच ठेवून ते निघाले. बोलताना तोरा होता खरा, पण पायऱ्या उतरताना त्यांनी दोनदा मागे वळून पाहिलं. अठ्ठावीस वर्षांत एकही मॅरेथॉन चुकली नव्हती. आणि यंदा तर दरवर्षी सोबत धावणारा पोस्टमन नव्हता. चार महिन्यांपूर्वी गेला बिचारा. त्याच्या वाटचंही आपणच धावायचं, असं मास्तरांनी मनाशी पक्कं केलं होतं.

काय दिवस होते ते! फी म्हणजे दोन कप चहाचे पैसे. उरलेल्या अस्तराच्या कापडावर नंबर मास्तरच शिवायचे. शर्यत संपली की सगळ्यांनी ते परत द्यायचे, पोस्टमनची बायको धुऊन ठेवायची आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. पहिल्याच वर्षी मास्तरांनी घाईगडबडीत सात दोनदा शिवला आणि आठ विसरले. पोस्टमन म्हणाला, "मरू दे तो आठ. आपण दोघंही सातच." पुढे छापील नंबर आले, तरी दोघांच्या शर्टाच्या आत कापडी सात असायचाच, आणि तो धुवायला वहिनींकडेच जायचा.

शर्यतीच्या सकाळी मास्तरांनी तो उघड छातीवर लावला. शिट्टीवाल्या माणसानं अडवलं.

"आजोबा, चिपशिवाय रस्त्यावर यायचं नाही."

"फुटपाथ तरी कुणी विकत घेतला नाही ना?"

शिट्टीवाला बाजूला झाला.

मास्तर फुटपाथवरून धावले. खांब, बाकं, झोपलेली कुत्री चुकवत. शेजारून रंगीत टी-शर्टांचा लोंढा चालला होता. त्यातल्या एकाची बाही उसवलेली दिसली तेव्हा त्यांना कोण आनंद झाला! पण दम लागल्यावर "चल रे, आलंच आता" म्हणणारं बाजूला कुणी नव्हतं, आणि डोळे भरून आले. शेवटची कमान फुटपाथच्या बाजूनं पत्रे लावून बंद केलेली. तिथे ते थांबलेच नाहीत. गल्लीत वळले आणि धावतच पोस्टमनच्या दारात पोचले.

वहिनी उंबऱ्यातच बसल्या होत्या. "किती उशीर, भावजी! मला वाटलं, यंदा नाहीच."

मास्तरांनी चारही पिना काढल्या आणि घामानं भिजलेला सात वहिनींच्या हातात दिला.

वहिनी आत गेल्या. कपाटातून दुसरा सात काढला, घडी मोडली आणि दोन्ही एकाच बादलीत बुडवले.

"अहो, तो तर धुतलेलाच होता," मास्तर म्हणाले.

"असू दे," वहिनी कापड चोळत म्हणाल्या. "तोही आत्ताच धावून आलाय."