कडू घास

चूल पेटवायला काडी लागते आणि जळण लागतं, इतकंच मला ठाऊक होतं. शेजारच्या अनसाची चूल पेटायला भाऊ लागत होता, आणि तो भाऊ माझ्याच नवऱ्यानं नदीत अडवून धरला होता.

आमचं गाव भीमेच्या काठाला, मांडवगणच्या खालच्या अंगाला. अलीकडे शिरूर तालुका, पलीकडे दौंड. उन्हाळ्यात नदीला घोट्याएवढी एक धार राहते, बाकी सगळी वाळू. त्या साली उन्हाळ्यात गावात पटकीची, हगवण-वांतीची साथ आली. घोडनदीहून डॉक्टर आला, त्यानं सगळ्यांना सुया टोचल्या, विहिरीत जांभळं औषध टाकलं आणि चावडीपुढं सांगून गेला: पाणी उकळून प्या, शिळं खाऊ नका, मौतीच्या घरी गर्दी करू नका, तिथलं खाऊ नका, गावातलं माणूस बाहेर नको आणि बाहेरचं आत नको. आमचं गाव हुशार. त्यानं सुईही घेतली आणि मरीआईला बकरंही दिलं. बकरं आमच्या मालकांनी कापलं. मुलाण्याचं घर आमचं. गावात देवाचं बकरं असो की लग्नाचं, सुरी आमच्याच घरची.

राखणीला कोण बसणार, यावर चावडीत बराच काथ्याकूट झाला. भिमाजी पाटील म्हणाले, "ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडलं तर गाव उरायचं न्हाई. कुणाला लेकीकडं जायाचंय, कुणाला बाजारला. समद्यांचीच कामं हायेत. राखणीला चांदभाईला बसवा. त्यांचं गावात ना सोयरं ना भावकी, भीड कुणाची धरतील?"

पिढ्यान्‌पिढ्या गावात राहून तुमचं इथं कुणी नाही, हे असं चारचौघांत कौतुकानं सांगितलं गेलं. मी घरात फणफणले. मालक मात्र फुशारून गेले. नदीच्या उतारावर त्यांनी चुन्याची रेघ मारली आणि हातात काठी घेऊन बाभळीखाली बसले. अनसाचा नवरा म्हस्कू त्या दिवशी चावडीत सगळ्यांत मोठ्यानं "बराबर हाय!" म्हणाला होता.

मग म्हस्कूच गेला. सकाळी बैल घेऊन रानात गेला होता, तो दिवस मावळायच्या आत संपला. चौघांनी उचलला, घाईनं माती उरकली आणि जो तो आपापल्या घरात शिरून कडी लावून बसला. घरात उरली अनसा आणि तिच्या अंगावर पिणारी पोर. दोन पोरी जाऊन ही तिसरी पोरगीच झाली, म्हणून म्हस्कूनं तिचं नाव नकुशी ठेवलं होतं. आणि दिवसभर तिलाच खांद्यावर घेऊन हिंडायचा तो मेला.

आता त्यांच्यातली रीत अशी, की मौतीच्या घरात चूल पेटवायची नाही. बाईच्या माहेरच्यांनी भाकरी-पिठलं बांधून आणायचं, जवळ बसून तिला एक घास भरवायचा, एक आपण खायचा. त्याला कडू घास म्हणतात. तो झाला की चूल पेटते. घासाआधी चूल पेटवली, तर त्या घरावर दुसरी मौत येते म्हणतात.

घरात दुसरं माणूस होतं ते तेवढंच, पाळण्यातलं. म्हणून अनसा चूल पेटवत नव्हती. आणि ती खात नव्हती म्हणून पोरीला दूध येत नव्हतं. मला सांगा, या गाठीचं कुठलं टोक ओढायचं?

मी भिंतीवरून सूप पुढं केलं. सुपात पीठ, मीठ, दोन कांदे. आमच्या हातचं रांधलेलं तिच्या घरात चालत नसे. ईदलासुद्धा आम्ही तिला शेवया कोरड्याच द्यायचो आणि ती त्या तिच्या चुलीवर शिजवायची. त्याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं.

"अनसा, पेटव गं चूल. देवाला डोळं हायेत, त्यो बघतोय."

"दादा येईल की, भाबी. त्याला सांगावा गेला आसंल." तिचे ओठ वाळून गेले होते. "म्या चूल पेटवली आन् हिला काय झालं, तर कुणाच्या तोंडाकडं बघू?"

"आन् हिला दूध न्हाई मिळालं तर?"

तिनं पोरीला दुसऱ्या अंगावर घेतलं. पोर छाती ओढून ओढून दमत होती आणि रडत होती. मग रडणंही बारीक झालं. रडणारं पोर बरं, असं त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं. माझ्या शेळीचं दूध उन्हाळ्यानं आटलेलं. भावकी सुतकात, तिचा घास चालत नाही, आणि चालला असता तरी मौतीच्या घरात पाऊल कोण टाकणार? आणि माझ्या घरात, हाताच्या अंतरावर, टोपलीत भाकऱ्या होत्या.

अनसाचा दादा म्हणजे हरिबा. म्हस्कूच्या बापानं मेंढरं सोडून जमीन धरली, पण हरिबाच्या घरात अजून मेंढरंच. उन्हाळ्यात पलीकडच्या काठावर कुणाच्या तरी रानात मेंढरांचा वाडा बसवायचा, खताच्या बदल्यात धान्य घ्यायचा. आमच्या परसातून त्याच्या वाड्यावरचा धूर दिसायचा. इतका तो जवळ होता. नदीवरून ओरडून दिलेला सांगावा पोचला आणि तो आलाच. काखेत घोंगडी, हातात फडक्यात बांधलेली भाकरी. मी उकळायचं पाणी आणायला नदीतल्या झऱ्यावर गेले होते, तेव्हा तो चुन्याच्या रेघेपलीकडे उभा होता आणि मालक अलीकडे.

"चांदभाई, म्या ऱ्हायाला न्हाई आलो. घास दितो आन् माघारी फिरतो."

"हरिबा, तुला सोडलं तर समद्यांना सोडावं लागंल. पाटलाची म्हातारी भन पल्याड पडलीया, तिच्याकडं सुदिक कुणाला न्हाई जाऊ दिलं."

"पाटलाच्या भनीची चूल पेटलीया का न्हाई?"

मी घागर खाली ठेवली आणि तिथूनच ओरडले, "आवो, पोरगी सुकत चाललीय तिकडं! रेघ कसली बघताय?"

मालकांनी माझ्याकडं पाहिलं, काठीकडं पाहिलं. त्या माणसाचा मला खरंच राग आला होता. पण काठी ते कधी या हातात, कधी त्या हातात घेत होते, तेही मला दिसत होतं. गावानं आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर काही सोपवलं होतं, आणि तेही असलं.

शेवटी हरिबानंच वाट काढली. "मी न्हाई येत. घास जाऊ द्या. काठीला आडकवून न्या, हात लावू नगा म्हंजी झालं. तिनं अर्धा खावा, अर्धा तिच्या हातचा मला माघारी आणून द्या. घास एकट्यानं खात न्हाईत. मी हितंच बसतो."

मालकांच्या तोंडावरचा ताण एकदम उतरला. माणूस आत येत नव्हतं, माणूस बाहेर जात नव्हतं. रेघ शाबूत होती आणि रीतही शाबूत होती. मलाही हरिबाचं कौतुक वाटलं. मेंढरामागं फिरणारा माणूस, पण डोकं कसं चालवलं! त्यात काही वावगं आहे हे तिथं आम्हा तिघांपैकी एकालाही सुचलं नाही. आम्हाला सगळ्यांना आत काय येतं याचीच धास्ती होती.

फडकं काठीच्या टोकाला अडकवून मालक वर गेले. अनसानं उंबऱ्यात बसून भाकरी मोडली, पिठल्यात बुडवली आणि तोंडात घातली. घास गिळताना तिला हुंदका आला, ठसका लागला, तिनं डेऱ्यातलं पाणी घेतलं. मग त्याच हातानं उरलेली अर्धी भाकरी पिठल्याला लावून फडक्यात नीट बांधली. "दादाला म्हनावं, पोटभर खा. रातचं काय खाल्लं न्हाई आसंल त्यानं," असं म्हणाली.

आणि तिनं चूल पेटवली. माझ्या सुपातलं पीठ मळलं, गरम भाकरी खाल्ली. उन्हं कलायच्या आत पोर चुटूचुटू प्यायला लागली. मी भिंतीला डोकं टेकून तो आवाज ऐकत उभी राहिले. नदीत हरिबा वाळूवर बसून बहिणीच्या हातची अर्धी भाकरी खात होता. तिच्या छपरातून धूर निघालेला दिसला तेव्हा त्यानं उठून काठी उंच केली आणि धारेतून पलीकडे गेला. मालक घरी आले ते मोकळ्या मनानं जेवले. मला म्हणाले, "बघ, समद्यांचा मान ऱ्हायला."

थोडे दिवस गेले. मग एका सकाळी पलीकडच्या काठावरून हौशीराम ओरडायला लागला. हौशीराम म्हणजे हरिबाच्या वाड्यावरचा मेंढका. वारं आमच्याकडून तिकडं वाहत होतं, त्यामुळं त्याला तीन-तीनदा ओरडावं लागत होतं.

"अनसाबाईला सांगा! हरिबा गेला! हगवण-वांतीनं गेला! बानूबाईला बी लागलीया!"

बानूबाई म्हणजे हरिबाची बायको. मालक बाभळीखालून उठले आणि पुन्हा बसले. पलीकडे त्या वाड्याच्या आसपास वस्ती नव्हती, तिथं कुणाची ये-जा नव्हती. आमच्या गावातून तिकडे गेलं होतं ते एकच, अर्ध्या भाकरीचं फडकं. ते कोणी काठीला अडकवून नेलं, हे त्यांना ठाऊक होतं आणि मला. डॉक्टर सांगून गेला होता, शिळं खाऊ नका, मौतीच्या घरचं खाऊ नका. आम्ही ते आमच्यापुरतं ऐकलं होतं.

मी बाभळीखाली त्यांच्याजवळ गेले. मी म्हटलं, "तुम्ही न्हेलं नसतं तर नकुशी गेली आसती." ते म्हणाले, "व्हय." मी म्हटलं, "मंग?" ते म्हणाले, "मंग काय? व्हय." एका जिवापुढं दुसरा जीव ठेवून तागडी धरायला आम्ही काय अल्ला होतो?

अनसा रडली, आणि मग उठली. तिनं चूल पेटवली, भाकरी थापली, पिठलं केलं, त्याच फडक्यात बांधलं आणि पोरीला माझ्याकडं देऊन नदीकडं निघाली. वाड्यावर आता घरचं माणूस म्हणून बानूबाई एकटी. तिचं माहेर लांब, केंदूरकडं, आणि तिकडून कुणी यायचं तेव्हा येईल. नणंदेचा घास तरी तिला मिळायला हवा, नाही तर तिच्या दगडांची चूल पेटणार कशी? मी पोरीला कडेवर घेऊन तिच्यामागं धावले. काय करायला, ते मलाही ठाऊक नव्हतं.

मालक रेघेवर वाट अडवून उभे राहिले.

"न्हाई, अनसाबाई."

"म्या न्हाई जात. तुम्ही न्या. काठीला आडकवून न्या, तवा आणला व्हता तसा."

"न्हाई."

"का? त्या दिशी चाललं, आन् आज का न्हाई? माझ्या भावजयीचा जीव जीव न्हाई का?"

मालकांचे ओठ हलले. मला वाटलं, आता हे बोलणार. बोलले असते तर ती जागच्या जागी थांबली असती, पुन्हा कधी त्या रेघेकडं फिरकलीही नसती. पण मग पुढच्या जन्मभर तिनं स्वतःच्या हाताकडं कसं पाहिलं असतं? पोरीला कुठल्या हातानं भरवलं असतं? मालक काठी दोन्ही हातांनी आडवी धरून उभे राहिले.

"तुमच्यात सुतक न्हाई, चांदभाई," अनसा म्हणाली. कधी नव्हे तो तिचा आवाज चढला. "तुम्हाला काय कळायचं भावाचं! गावानं बराबर मानूस बसिवलं. तुमचं हितं कुणीच न्हाई."

मालकांनी मान खाली घातली आणि ते ऐकून घेतलं. मला ओरडावंसं वाटत होतं. पण ओरडून सांगणार काय? माझ्या कडेवर नकुशी होती, टवटवीत, माझ्या गळ्यातल्या काळ्या पोतीशी खेळत होती.

अनसानं फडकं चुन्याच्या रेघेवर ठेवलं आणि ती तिथंच वाळूत बसली. मालकही बसले, रेघेच्या याच बाजूला, तिच्याकडं पाठ करून. भाकरी गरम होती, फडक्यातून वाफ येत होती. मग यायची थांबली. आम्ही सगळे पलीकडे बघत होतो. वाड्यावर मेंढरं ओरडत होती, कुणी सोडलेली नव्हती, हौशीरामही कुठं दिसत नव्हता. दिवस माथ्यावर आला तरी तिकडं धूर निघाला नाही.