आत्याबाईंच्या बागेतलं हवामान

त्या वर्तमानपत्रात एक नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण सगळ्यांना पाठ होता: उकडतंय हे छापायला हरकत नाही, का उकडतंय ते छापायचं नाही. मालक एकच होते, वर्तमानपत्राचेही आणि कोळशावर चालणाऱ्या सिमेंटच्या भट्ट्यांचेही. भट्ट्यांच्या जिवावर वर्तमानपत्र चालायचं आणि खाल्ल्या मिठाला जागायचं.

नियम मोडला तो पर्यावरणाच्या बातम्या देणाऱ्या वार्ताहर बाईंनी. कचेरीत त्यांना सगळे हवामानताई म्हणायचे, अर्धं कौतुकानं, अर्धं चेष्टेनं. वाढत्या उष्णतेवरच्या लेखात कोळशाचा धूर कुठून कुठून येतो हे सांगताना त्यांनी सिमेंटच्या भट्ट्यांचाही उल्लेख केला. लेख छापून आलाच नाही. संपादकांचं बोलावणं मात्र आलं. संपादक माणूस वाईट नव्हता, फक्त निवृत्तीला आला होता.

“तुमची भाषा छान आहे,” ते म्हणाले. “रविवार पुरवणीतलं बागेचं सदर बघा.”

“ते तर मालकांच्या आत्याबाई लिहितात.”

“लिहीत नाहीत, सांगतात. आपण उतरवून घ्यायचं. काटछाट करायची नाही. मी तर ते वाचायचंसुद्धा धाडस करत नाही.”

शिक्षा अशी, की तक्रार करावी तर ऐकणाऱ्याला हसू यावं.

आत्याबाई सत्तरीच्या पुढच्या. आई लवकर गेलेल्या भाच्याला त्यांनीच वाढवलेलं. त्यामुळे साऱ्या शहराचे जे साहेब, ते या घरात अजून टिल्लू होते. डोक्यावर गवताची टोपी आणि हातात कात्री घेऊन त्या वाफ्याशी उभ्या होत्या.

“बस,” त्यांनी उलट्या कुंडीकडे बोट दाखवलं. “आधीचा मुलगा फार चुका करायचा. एकदा ‘गुलाब फुलली’ असं लिहून ठेवलं होतं मेल्यानं. लिही. यंदा गुलाबाच्या कळ्या उमलण्याआधीच करपल्या. लिंबाला भलत्याच वेळी फुलोरा आला आणि मधमाश्यांचा पत्ता नाही. दिवेलागण झाली तरी माती गरमच. लिहिलंस? आता का ते सांग.”

“का, म्हणजे?”

“अगं, रोग सांगायचा आणि कारण सांगायचं नाही, याला काय बागेचं सदर म्हणतात? मला माहीत नाही, तू शिकलेली आहेस.”

हवामानताईंनी सांगितलं. कोळसा, धूर, जगभर चढत चाललेलं तापमान. मग त्या जरा अडखळल्या.

“चाचरू नकोस.”

“सिमेंटच्या भट्ट्यासुद्धा, आत्याबाई.”

आत्याबाईंनी एक वाळकी फांदी छाटली. “म्हणजे आमच्या टिल्लूच्या.”

“त्यांच्याच असं नाही. जगभरातल्या सगळ्यांच्या.”

“जगभरातले सगळे काही माझे भाचे नाहीत. लिही.”

रविवारी ते तसंच्या तसं छापून आलं, शेणखताच्या सल्ल्याखाली. सोमवारी मालक आत्याकडे हजर.

“आत्या, तू आपलं गुलाबांवर लिही ना.”

“गुलाबांवरच तर लिहिलंय.”

“मग त्यात माझ्या भट्ट्या कशा आल्या?”

“ते तू मला सांग.”

ज्या हातानं लहानपणी कान पिळला, त्या हाताशी कोण भांडणार? पण मालक मुरलेले धंदेवाले होते. भांडणाऐवजी त्यांनी माणसं पाठवली. अख्ख्या बागेवर हिरवी जाळी ताणली गेली, धुक्यासारखं पाणी सोडणारे फवारे बसले, रोज टँकर येऊ लागला. मधमाश्यांच्या पेट्यासुद्धा आल्या. आत्याबाई “कशाला रे एवढं” म्हणाल्या, पण म्हणताना फवाऱ्याखाली हात धरून उभ्या राहिल्या.

बाग तरारली आणि सदरही तरारलं. रविवारमागून रविवार नुसते गुलाब. एकदा तर एका पाकळीवर अख्खा परिच्छेद झाला. आता ‘का’ विचारायचं कारणच उरलं नव्हतं. भट्ट्यांच्या जाहिरातींनी जसं संपादकांचं तोंड बंद झालं होतं, तसं जाळीनं आत्याबाईंचं झालं. हवामानताई निमूट उतरवून घेत राहिल्या.

एका सकाळी दोघी कुंड्या आणायला रोपवाटिकेत गेल्या. तिथे एक निवृत्त पोस्टमन वाळका गुलाब कुंडीसकट उराशी धरून उभे होते. आत्याबाईंना त्यांनी सदरातल्या फोटोवरून ओळखलं.

“बाई, तुमचं वाचून सगळं अगदी तसंच केलं हो. तरी गेला. माझ्या हातालाच यश नाही.”

आत्याबाई कुंड्या न घेताच परत फिरल्या. वाटेत म्हणाल्या, “आपण त्या माणसाला फसवलं.”

“आपण खोटं एक वाक्य लिहिलं नाही.”

“तेच तर!”

त्या आठवड्याचं सदर त्यांनी उभ्यानंच सांगितलं. “वाचकहो, माझी बाग ही आता बाग नाही, जाहिरात आहे. जाळी, पाणी, माश्या, सगळं भाच्याचं. तुमच्या हातांना दोष देऊ नका. पुढच्या रविवारपासून मी तुमच्या बागा बघायला येते.”

“जाळी काढून टाकायची?” हवामानताईंनी विचारलं.

“राहू दे. रोपांनी काय घोडं मारलंय?”

मग दोघी गच्च्या, खिडक्या, परसं पालथी घालू लागल्या. लोक रोपं दाखवता दाखवता आपल्याच तक्रारी सांगायचे: रात्री डोळा लागत नाही, नळाला पाणी येत नाही, बाळाच्या अंगभर घामोळं उठलंय. आत्याबाई सगळं सदरात घालायच्या, कारणासकट. मालकांनी सदर बंद करायला फोन केला, तेव्हा संपादकांनी नोकरीत पहिल्यांदाच उलट प्रश्न केला. “करतो, साहेब. आत्याबाईंना कोण सांगणार? मी की आपण?” मालकांनी फोन ठेवून दिला आणि सदर चालूच राहिलं.

भट्ट्या बंद पडल्या नाहीत. पहिल्या पानाचा नियमही बदलला नाही. पण रविवार पुरवणी लोक आता मागून घेऊ लागले, आणि जाहिरात विभाग आत्याबाईंना वाकून नमस्कार करू लागला.

एक दिवस आत्याबाईंनी मालकांना गाडी काढायला लावली. “तुझ्या भट्टीशेजारच्या वसाहतीत एका बाईंनी भोपळा लावलाय. बघायचाय मला.”

भट्टीच्या भिंतीपलीकडे पत्र्याच्या घरावर भोपळ्याचा वेल पार मलूल पडला होता. मालक ती भिंत या बाजूनं पहिल्यांदाच बघत होते. वेलवाल्या बाईंनी त्यांना ओळखलं नाही, बसायला बादली पालथी करून दिली. ते बसले. मग हलक्या आवाजात हवामानताईंना म्हणाले, “माझं नाव तेवढं घालू नका.”

“नाव कशाला घालायचं?” आत्याबाई वेलाचं पान उलटून बघत म्हणाल्या. “सोबत भाचा होता, एवढंच लिही. आणि हो, बसला होता बादलीवर.”