अकरा मिनिटांनंतरची कॉलर

साल दोन हजार नऊ. मास्तर जाऊन तेव्हा चौदा महिने झाले होते. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, टेलर मास्तर. कोपऱ्यावरच्या दोन खोल्यांच्या दुकानात त्यांनी बेचाळीस वर्षं कात्री चालवली, आणि त्यांच्या बायकोने त्यांच्याशेजारी बसून बेचाळीस वर्षं काजं केली. दोरा मेणावरून ओढून, हाताने घातलेलं काज. कोट फाटेल पण काज उसवणार नाही, असं गिऱ्हाईक म्हणायचं. तिला सगळी आळी काजकाकू म्हणत असे. तिचं खरं नाव रेशनकार्डावर होतं आणि तिथेच सुखात होतं.

दुकान आता सून बघत होती. मुलगा जहाजावर नोकरीला, वर्षातले आठ महिने पाण्यावर. सुनेचा हात चांगला होता. शर्ट, फ्रॉक, शाळेचे गणवेश, कशालाच ती अडत नसे. तिचं घोडं अडलं ते बँडच्या कोटापाशी.

तीस वाजवणाऱ्यांचा बँड होता तो. लाल कोट, खांद्यावर सोनेरी गोंडे आणि गळ्याशी उभी कॉलर. आता उभी कॉलर कुणीही शिवतो. पण वाजवणाऱ्याचा गळा फुंकताना फुगतो. कॉलर घट्ट असली तर बिचाऱ्याचे डोळे बाहेर येतात, सैल असली तर ती लाजलेल्या माणसासारखी मान खाली घालते. मास्तरांची कॉलर ताठ उभी राहायची आणि फुंकर घातली की हुक न तुटता गळ्याला जागा द्यायची. कशी, ते विचारलं की मास्तर म्हणायचे, "ते कात्रीला ठाऊक आहे." कागदाचा नमुना नाही, वहीत टिपण नाही.

सोमवारी बँडचा म्होरक्या आला. त्याला लहानथोर सगळे ट्रंपेटदादा म्हणत. बसलाही नाही.

"काकू, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. शनिवारी एक कोट तयार ठेवा. कॉलर बसली तर तीसही कोट इथेच. नाही बसली तर कारखान्यातले तयार घेऊ. पोरांना फुंकायचं असतं हो, फास लावून घ्यायचा नसतो."

दुकानाच्या पाटीवर मास्तरांच्या नावाखाली एकच ओळ होती: 'बँडचे कोट शिवून मिळतील.' बँड गेला म्हणजे पाटीच पुसायची.

मंगळवारी दुपारपर्यंत सुनेने तीन कॉलरी कापल्या. पहिली आवळायची, दुसरी कोमेजायची आणि तिसरीचं तोंड एकीकडे नि शेपूट दुसरीकडे. तिने कात्री टेबलावर आपटली.

"आई, मला नाही जमायचं. बाबांनी कुणाला शिकवलंच नाही."

"शिकवलंय," काजकाकू म्हणाली. "टेपवर आहे."

कोपऱ्यातल्या खुर्चीवर मास्तरांचे धाकटे भाऊ पेपर वाचत होते. पोस्टातून निवृत्त झालेले, रोज दुपारी फुकटचा चहा नि फुकटचा सल्ला या अटीवर हजर असणारे. सून त्यांना काका म्हणे, काकू भाऊजी.

"कसली टेप, वहिनी?"

"कॅमेऱ्याची. त्यांचा हात थरथरायला लागला होता ना, तेव्हाची. मला म्हणाले, आज हात बरा आहे, कॅमेरा धर, मी कॉलर कापतो. मीच धरला होता. खांदा भरून आला होता माझा."

"वहिनी, माणूस गेलं की असं वाटतं हो कधीकधी. आपण स्वप्नात बघतो आणि—"

"मी काजं घातलीत चाळीस वर्षं, भाऊजी, स्वप्नं नाही."

कॅमेरा मुलानेच आणला होता, सहा वर्षांपूर्वी. मुठीत मावेल एवढा, आत काडेपेटीएवढी कॅसेट. बाकीच्या भरलेल्या डब्यात होत्या, ही शेवटची आतच राहिली होती. पण तो एकदा इस्त्रीच्या टेबलावरून पडला आणि त्याचा छोटा पडदा काळा झाला. टीव्हीला जोडायचं भोकही तेव्हाच चेपलं. म्हणजे आत काय आहे ते बघायचं तर एकच वाट, कॉम्प्युटर.

बुधवारी सकाळी सुनेने कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. चाळिशी उलटलेला, खिशाला चार पेनं, बोलण्यात घाई. कुठल्याही दुखण्यावर त्याचं औषध एकच, बंद करून परत चालू करा. म्हणून आळीने त्याचं नाव रीस्टार्ट ठेवलं होतं.

त्याने कॅमेऱ्याला वायर लावली, दुसरं टोक मुलाने घेऊन दिलेल्या कॉम्प्युटरला. टुंग असा आवाज आला. पडद्यावर चार फोटो उमटले. तीन मास्तरांच्या अंगठ्याचे, एक छताच्या पंख्याचा.

"झालं! एवढंच आहे यात."

"ही फोटोंची वायर आहे," काकू म्हणाली. "चलचित्राची दुसरी होती. बारीक, काळी, चपट्या तोंडाची. या झाकणाखाली लागायची."

रीस्टार्टने झाकण उघडलं. खरंच तिथे एक इवलंसं चौकोनी भोक होतं. त्याचा चेहरा पडला. "बरोबर आहे काकू. व्हिडिओ या भोकातून येतो, त्या वायरीतून जन्मात आला नसता. कुठे आहे ती?"

दुकान उलटंपालटं झालं. बटणांचे डबे, अस्तरांची गाठोडी, मशीनचे खण. शेवटी काकू उठून आतल्या खोलीच्या दाराशी गेली आणि हसत सुटली. गिऱ्हाईक कोट घालून बघायचं त्या आडोशाचा पडदा सुनेने गोळा करून बांधला होता, आणि बांधला होता त्याच वायरीने. दोन फेरे आणि वर सुंदरशी गाठ.

"मला वाटलं जुन्या रेडिओची असेल... म्हणजे मला काहीच नाही वाटलं," सून ओशाळून म्हणाली. "मजबूत होती हो!"

कॉम्प्युटरला तसलं भोकच नव्हतं. रीस्टार्टने आपल्या दुकानातून तसलं भोक असलेली एक पट्टी आणून कॉम्प्युटरच्या पोटात बसवली. दुपार झाली. मग कॉम्प्युटर म्हणायला लागला की कॅमेरा सापडत नाही. बंद केला, चालू केला. तरी नाही.

"कॅमेरा कशावर ठेवलाय?" काकूने विचारलं. "चित्र घ्यायच्या खुणेवर की दाखवायच्या?"

खटका घ्यायच्या खुणेवरच होता. तिने नखाने तो सरकवला. कॉम्प्युटरला कॅमेरा सापडला, पण चित्राच्या जागी नुसते रंगीत चौकोन, चौकडीचं कापड फाडून उधळावं तसे.

"टेप खराब," भाऊजी पेपरामागून म्हणाले.

"थांबा हो. मशीनच्या दातात कापूस अडकला की टाका चुकतो, म्हणून काय कापड टाकून देतो आपण? याच्याही तोंडाशी धूळ असेल."

रीस्टार्टने तिच्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं. साफ करायची एक कॅसेट मिळते, ती त्याच्याकडे होती. आणायची मात्र त्याला सुचली नव्हती. गुरुवारी तो ती घेऊन आला, दहा सेकंद फिरवली, आणि चौकोन गेले. पडद्यावर दुकान आलं. जुना रंग, जुनं कॅलेंडर, मशीनवर वाकलेली काकूच. सुनेने टाळी वाजवली. कॉम्प्युटर एकेक क्षण उतरवून घेऊ लागला. गिऱ्हाइकं, रस्ता, खिडकीतली मांजर. बरोबर अकराव्या मिनिटाला चित्र गेलं, पडदा निळा झाला आणि पाटी आली: टेप संपली.

पुन्हा केलं. अकरा मिनिटं, निळं, टेप संपली. बंद करून चालू केलं. पुन्हा तेच.

"संपलीच आहे, काकू. पुढे कोरी. कॉलर भरलेलीच नाही."

सुनेने टेबलावरच्या तीन फसलेल्या कॉलरी उचलून चिंध्यांच्या पोत्यात टाकल्या. काकूला ते पाहवलं नाही. भाऊजींनी पेपराची घडी घातली आणि आवाज मऊ करून म्हणाले, "वहिनी, वय झालं की होतं असं. मलाही परवा चष्मा डोळ्यांवर असताना सापडेना."

काकूने कॅमेऱ्याचं दार उघडायला लावलं, कॅसेट हातात घेतली आणि चष्म्याजवळ धरली. तिच्या छोट्या खिडकीतून आतली दोन रिळं दिसत होती. एक बारीक, एक जाड.

"रिळावर दोरा किती उरलाय हे मला बघून कळतं. ही अजून पाव भागसुद्धा गुंडाळली गेलेली नाही. आणि..." ती एकदम थांबली. मग तिने कपाळावर हात मारला. "अगं बाई! माया!"

"माया असणारच हो, काकू," रीस्टार्ट हळवा होऊन म्हणाला. "नवरा होता तुमचा."

सून एवढ्या दुःखातही फिस्सकन हसली. "अहो, तसली माया नाही! शिवणीत जास्तीचं कापड सोडतात ना, पुढे उसवून मोठं करायला, ती माया!"

"तीच," काकू म्हणाली. "काही घेतलं की ते सगळ्यांना दाखवायचे. मग पुढचं घ्यायच्या आधी टेप नुसती पुढे चालू द्यायचे. मागच्यावर चढायला नको म्हणून. मलाही सांगायचे, थांब, आधी माया सोड. कापड काय नि टेप काय, त्यांना सारखंच. शंभर आकडे मोजून सोडायचे."

रीस्टार्टने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "म्हणजे मध्ये कोरा तुकडा. तिथे मोजणीचे आकडे तुटतात, पुढे पुन्हा शून्यापासून सुरू. कॉम्प्युटरला वाटतं सगळं संपलं. काकू, हे यंत्र मूर्ख आहे."

"मूर्ख नाही, शिंपी नाही एवढंच."

त्याने उतरवणं थांबवलं आणि टेप नुसती पुढे चालू दिली. निळा पडदा. काकूने मोजायला सुरुवात केली. सून मोजू लागली. ऐंशीला रीस्टार्टही मिसळला. नव्वद. शंभर. निळंच. भाऊजींनी तोंड उघडलं.

"ते आकडेसुद्धा ऐटीत मोजायचे," काकू म्हणाली आणि पुढे मोजत राहिली. एकशे तीन, एकशे चार...

एकशे अकराला चित्र आलं. कोपऱ्यातली खुर्ची. खुर्चीत भाऊजी, तोंड सताड उघडं, पोटावर मोजायची टेप आडवी टाकलेली, आणि मास्तरांचा आवाज: "पोस्टाचा पोटाचा घेर छत्तीस, झोपेत एक्केचाळीस."

सून खुर्ची धरून हसली. भाऊजींनी पेपर तोंडासमोर धरला, उलटा.

"उतरवून घ्या तेही," काकू म्हणाली. "पुरावा असू दे."

पुन्हा निळं. पुन्हा मोजणी, आणि यावेळी भाऊजीही मोजत होते, पेपरामागून. एकशे सहाला पडद्यावर दोन हात आले. नुसते हात, चेहरा नाही, कारण काकूने कॅमेरा हातांवरच धरला होता. लाल कापड, खडूची रेघ, आणि तो आवाज.

"हलवू नकोस गं. हं. ही वरची पट्टी सरळ धाग्यावर. सगळे इथपर्यंत बरोबर करतात. आता आतली. आतली सरळ कापायची नाही, उरेब कापायची. तिरकी. तिरकं कापड ताणतं, सरळ ताणत नाही. आणि वरच्यापेक्षा गव्हाएवढी लहान. लहान पट्टी मोठीला आत ओढून धरते, म्हणून उभी राहते. गळा फुगला की तिरकी सैल होते. बस. एवढंच आहे. इतकी वर्षं उगाच भाव खाल्ला."

मागून काकूचा स्वतःचा आवाज आला: "खांदा दुखतोय माझा."

"दुखू दे. हे राहील."

कॉम्प्युटरचा पंखा तेवढा फिरत होता. काकूच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती रडत नव्हती. पैज जिंकलेल्या माणसासारखी ताठ बसली होती. सून तर उठलीच होती. लाल कापडाचा गठ्ठा सोडून तिने खडू हातात घेतला.

"दादा, तो तुकडा परत लावा. आणि थांबा म्हणेपर्यंत लावत राहा."

शुक्रवारी तिने कॉलर कापली, बसवली, उसवली, परत बसवली. काजकाकूने गळ्याशी हुक लावला आणि खाली सात काजं घातली.

शनिवारी ट्रंपेटदादा आला तो वाद्य काखेत मारूनच. कोट चढवला, हुक लावला, मान डावीकडे, मान उजवीकडे. चेहऱ्यावर काही नाही. मग दुकानाच्या मधोमध उभं राहून त्याने छाती भरून घेतली आणि असा एक सूर लावला की बटणांचे डबे थरथरले, रस्त्यावरचे लोक थांबले आणि शेजारचा लोहार घण हातात घेऊन दारात आला. सूर वर चढला, टिकला, आणखी चढला. गाल फुगले, गळा फुगला, कॉलर त्याच्याबरोबर हलली आणि जशी होती तशी पुन्हा ताठ उभी राहिली. हुक जागचा हलला नाही.

त्याने ट्रंपेट खाली केला. "कुणी कापली?"

"मी," सून म्हणाली.

"मास्तरांच्या कोटात मला वरचा सूर पाच मोजेपर्यंत टिकायचा. हा आठ टिकला." त्याने काकूकडे वळून पाहिलं. "तीस नाही, काकू. बत्तीस. दोन नवे वाजवणारे घेतलेत."

भाऊजींनी सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या, आणि नंतर आठवडाभर आळीत सांगत फिरले की टेप पुढे चालवा असं आपणच म्हटलं होतं.

बँडने तो हंगाम त्याच कोटांत काढला, आणि पुढचे सातही. ट्रंपेटदादाचा दम पुढे गेला. आता त्याची मुलगी म्होरकी आहे आणि तिचा कोट मापाने लहान, पण कॉलर तीच. रीस्टार्टने दुरुस्ती सोडून लोकांच्या जुन्या कॅसेटी उतरवून द्यायचा धंदा धरला. त्यात त्याला बरकत आली आणि त्याचं नाव मात्र बदललं नाही. भाऊजी दोन हजार सोळात गेले, झोपेतच. मुलगा जहाज सोडून घरी आला आणि दुकानात इस्त्री करतो, बरी करतो. सुनेने शेजारचा गाळा घेतला. तिच्या हाताखाली चौघी शिकतात, आणि कॉलरीची युक्ती ती पहिल्याच दिवशी सांगून टाकते.

काजकाकू आता त्र्याऐंशी वर्षांची आहे. सुईत दोरा तिला दुसऱ्याकडून ओवून घ्यावा लागतो. पण मास्तरांच्या उरलेल्या एकोणीस कॅसेटी तिने स्वतः कॉम्प्युटरसमोर बसून उतरवल्या, दोन वर्षं लागली, आणि एकाही वेळी रीस्टार्टला बोलावलं नाही.