गुरुजींची नसलेली मावशी

बाजाराच्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास वाशी गावातल्या राघवेंद्र गुरुजींच्या घरातून असा भोंगा वाजू लागला की अर्धी गल्ली धावत आली. हातात पिशव्या घेऊन बाजाराला निघालेल्या बायका आल्या, शांतलिंग किराणावाले गल्ल्याला कुलूप लावून आले, आणि पाच मिनिटांत बाहेरच्या खोलीत अकरा माणसं दाटीवाटीनं उभी राहिली. टेबलावर गुरुजींचा कॉम्प्युटर होता. पडदा लालभडक झाला होता, मधोमध पिवळा त्रिकोण उघडमीट करत होता, आणि आतून एक बाई हिंदीत बजावत होती की तुमच्या कॉम्प्युटरला धोका आहे, तो अजिबात बंद करू नका, ताबडतोब खालच्या नंबरवर फोन करा.

"अंगात आलंय ह्याच्या," शांतलिंग हळूच म्हणाले. एका बाईनं चपला काढून बाहेर ठेवल्या.

आता राघवेंद्र गुरुजी म्हणजे कोण, हे सांगायला हवं. तीस वर्षं त्यांनी शाळेत विज्ञान शिकवलं आणि सुट्टीच्या दिवशी बुवाबाजीचा बोजवारा उडवला. लिंबातून रक्त काढणं, काडीशिवाय होम पेटवणं, सगळं सामान त्यांच्या एका पत्र्याच्या पेटीत असे. तालुक्यात कुठंही कुणी घुमायला लागलं की नैवेद्याच्या आधी गुरुजी पोचत. त्यामुळं सगळ्यांच्या नजरा त्यांच्याकडं लागल्या.

"घाबरू नका," गुरुजी ठामपणे म्हणाले. "हा चमत्कार नाही. हा व्हायरस आहे." आणि चष्मा सावरून त्यांनी पडद्यावरचा नंबर फिरवला.

फसले ते इथंच. समोरच्यानं देवीचं, भुताचं, भानामतीचं नाव घेतलं असतं तर गुरुजींनी त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं असतं. पण पलीकडचा माणूस स्वतःला सीनियर इंजिनिअर म्हणवत होता आणि प्रत्येक वाक्यात सर्व्हर, फायरवॉल असं काहीतरी पेरत होता. शास्त्राचे शब्द ऐकले की गुरुजींची शंका घेण्याची सवय पार झोपी जायची. त्यात कानानं कमी ऐकू येत असल्यामुळं फोन नेहमी स्पीकरवर. त्यामुळं सारी खोली ऐकत होती.

इंजिनिअरनं एक छोटा प्रोग्रॅम उतरवून घ्यायला लावला आणि त्यात दिसणारा आकडा वाचून दाखवायला सांगितलं. गुरुजींनी तो वाचला. दुसऱ्याच क्षणी कुणी हात न लावता पडद्यावरचा बाण आपला आपण पळायला लागला.

"अगं आई!" चपला काढलेल्या बाईनं हात जोडले.

"दूरनियंत्रण आहे हे," गुरुजी अभिमानानं म्हणाले, जणू शोध त्यांनीच लावला होता.

बाणानं एक लांबलचक यादी उघडली. ओळीमागून ओळ, प्रत्येकीपुढं लाल नाहीतर पिवळी खूण.

"ही एक एक खूण म्हणजे एक एक व्हायरस, सर," इंजिनिअर शोकसभेच्या आवाजात बोलला. "बाराशे सहा आहेत. आजवर कुणाच्या कॉम्प्युटरमध्ये मी इतके बघितले नाहीत."

गुरुजींच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी मुकाट्यानं कार्ड काढून तपासणीचे चार हजार नऊशे भरले. मग इंजिनिअरनं आवाज आणखी खाली आणला. चोर तुमच्या बँक खात्यापर्यंत पोचलेत, कॉम्प्युटर साफ होईपर्यंत सगळी रक्कम आमच्या सुरक्षित खात्यात हलवावी लागेल, तासाभरात परत मिळेल.

त्या खात्यात गुरुजींच्या निवृत्तीचे पैसे होते, आणि ते त्यांच्या पत्नी वनमालाबाईंच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी राखलेले होते. भिंतीचा आधार घेतल्याशिवाय त्यांना स्वयंपाकघरातून बाहेर येता येत नव्हतं. सोलापूरच्या डॉक्टरांनी वीस तारीख दिली होती. त्या आत्ताही भिंत धरून दारात उभ्या होत्या आणि नवऱ्याचा पांढरा पडलेला चेहरा बघत होत्या.

"अहो, जरा थांबा ना," त्या म्हणाल्या.

"घरात कोण आहे, सर?" इंजिनिअरनं विचारलं.

"कोणी नाही. मी एकटाच आहे," गुरुजी म्हणाले. खोलीतल्या अकरा माणसांनी श्वास रोखून धरला.

"छान. कुणाला काही सांगू नका. बँकेनं विचारलं तर भाच्याला जमिनीसाठी पैसे पाठवतोय म्हणा. आणि फोन अजिबात ठेवू नका."

"गुरुजी," दारातून आवाज आला, "ह्यो तर आमच्यातलाच हाय की!"

विठाबाई मेथीची पाटी डोक्यावर घेऊन उभी होती. दर बाजाराला पहिली जुडी गुरुजींकडं टाकून मगच ती बसायला जायची. ह्या विठाबाईच्या अंगात पूर्वी देवी यायची. केस मोकळे सोडून ती घुमू लागली की लोक साडी, नारळ, कोंबडी आणून ठेवत. तीस वर्षांपूर्वी एका मंगळवारी गुरुजी तिच्यापुढं हात जोडून बसले आणि म्हणाले, आई, माझी मावशी गेली, तिच्या आत्म्याला शांती आहे का? देवी कडाडली, "न्हाय! तुझी मावशी उपाशी भटकतीया! तिला हिरवं लुगडं पायजे!" गुरुजी शांतपणे उठून लोकांना म्हणाले, माझी आई एकुलती एक होती. मला मावशीच नाही. देवी तिथंच उतरली ती पुन्हा कधी चढली नाही.

"विठाबाई, शांत राहा, हे तांत्रिक काम आहे," गुरुजी हातानं फोन झाकत कुजबुजले.

"तांत्रिकच हाय, म्हनून तर म्या आले," विठाबाई पाटी खाली ठेवत म्हणाली. "आमी काय करत व्हतो? आदी भ्या घालायचं. मग उठू द्यायचं न्हाय. घरच्या शाण्या माणसाला जवळ येऊ द्यायचं न्हाय. अन् शेवटाला मागायचं. ह्यानं एक पायरी सोडली न्हाय बघा. आणा तो फोन हिकडं."

आणि तिनं तो सरळ काढूनच घेतला.

"सायेब, म्या शेजारची. आत्ताच आले. माझ्याबी घरी कम्पुटर हाय, कालपासनं लई कसातरीच करतोय. तुमच्या त्या सर्वरात दिसतोय का बघा की."

 पलीकडं कळफलक खडखडला. आणखी एक सावज आपल्या पायानं चालत आलं होतं.

"हो मॅडम, दिसतोय. आठशे चाळीस व्हायरस आहेत."

"अगं बया! अन् कुठं ठिवलाय त्येबी दिसतंय?"

"आतल्या खोलीत आहे, मॅडम. परिस्थिती गंभीर आहे."

विठाबाईच्या पत्र्याच्या घराला आतली खोलीच नव्हती. एक बल्ब, एक चूल आणि एक जातं, एवढाच तिचा संसार सगळ्या गल्लीला ठाऊक होता. शांतलिंगांना पहिल्यांदा हसू फुटलं, मग सगळी खोली हसायला लागली.

गुरुजी तेवढे हसले नाहीत. ते पडद्याकडं बघत पुटपुटले, "मावशी. माझी मावशी."

आता इंजिनिअर खवळला. पोलीस पाठवतो, कॉम्प्युटर कायमचा बंद करतो, असं ओरडू लागला. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत हर्षाली आली. समोरचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचं दुकान तिचं, आणि ती गुरुजींचीच विद्यार्थिनी. तिनं कुणाला काही न विचारता भिंतीतली इंटरनेटची पिन उपटली आणि फोन बंद केला. पळणारा बाण जागच्या जागी थांबला.

"सर, सुरुवात कशी झाली?"

"हिच्या गुडघ्याचे व्यायाम शोधत होतो. एक जाहिरात दाबली गेली."

"ती लाल बाई म्हणजे नुसतं एक वेबपान होतं. पडदाभर पसरलेलं, भोंगा लावलेलं. ब्राउझर बंद केला असता तर बाईही गप्प बसली असती. म्हणून तर ती बंद करू नका म्हणत होती."

"आणि बाण? तो तर आपोआप..."

"त्याला घराची किल्ली तुम्हीच वाचून दाखवलीत, सर."

मग तिनं दुकानातून आपला लॅपटॉप आणला. दोनच आठवड्यांपूर्वी घेतलेला, कोरा. तिनं तीच यादी उघडली. लाल खुणा, पिवळ्या खुणा, ओळीमागून ओळ.

"प्रिंटर सापडला नाही, घड्याळ जुळलं नाही, असल्या बारीकसारीक कुरबुरी कॉम्प्युटर स्वतःच लिहून ठेवतो. प्रत्येकाच्या कॉम्प्युटरमध्ये ही यादी असते. तिला व्हायरस म्हणणं म्हणजे वहीतली खाडाखोड दाखवून पोरगं आजारी आहे म्हणण्यासारखं आहे."

गुरुजींनी मान खाली घातली. रक्ताचं लिंबू त्यांनी हजार मुलांसमोर कापलं होतं, आणि आज स्वतःच्या टेबलावर तेच लिंबू त्यांना ओळखता आलं नव्हतं. त्यांना मनापासून लाज वाटली.

हर्षालीनं मात्र त्यांना लाजायला सवड दिली नाही. वनमालाबाईंच्या फोनवरून, कार्डाच्या मागं छापलेल्या नंबरवर बँकेला कळवलं, कार्ड बंद केलं. मग सायबर फसवणुकीच्या सरकारी नंबरवर, १९३० वर, तक्रार नोंदवली. आपल्या लॅपटॉपवरून गुरुजींचे सगळे पासवर्ड बदलले. तो प्रोग्रॅम काढून टाकला आणि पूर्ण तपासणीसाठी कॉम्प्युटर दुकानात नेला. निवृत्तीचे पैसे शाबूत होते. चार हजार नऊशे परत मिळतील की नाही, हे बँकेलाही सांगता येईना.

"गुडघे माझे, पैसे तुमचे आणि अक्कल विठाबाईची," वनमालाबाई म्हणाल्या. पण म्हणताना त्यांनी गुरुजींच्या खांद्यावर हात ठेवला होता.

"आता कोणत्या तोंडानं पेटी घेऊन फिरू?" गुरुजी म्हणाले.

"त्याच तोंडानं," विठाबाई म्हणाली. "तवा म्या आठ दिस घराभाईर पडले न्हवते. तुमीच दारात आलाव अन् म्हनलाव, झालं ते झालं, उद्या बाजारात भाजी घिऊन बस. म्या बसले. आता तुमी उठा."

पुढच्या आठवड्यात गुरुजी शाळेत उभे राहिले. पेटी बरोबर होती, पण ती त्यांनी उघडली नाही. "आज एका फसलेल्या शहाण्याची गोष्ट सांगतो," ते म्हणाले. "तो शहाणा मी." आणि सगळं सांगितलं, एकटाच आहे म्हणून ठोकलेल्या थापेसकट. मागच्या बाकावर विठाबाई पदर सावरून ऐकत होती.

गोष्ट रंगात आली असतानाच त्यांचा फोन वाजला. अनोळखी नंबर. गुरुजींनी सवयीनं स्पीकर लावला.

"सर, रिफंड विभागातून बोलतोय. तुमचे चार हजार नऊशे परत द्यायचे आहेत. आमचा प्रोग्रॅम पुन्हा उतरवून घ्या आणि कुठल्या खात्यात जमा करू ते सांगा."

गुरुजींच्या चेहऱ्यावर आठ दिवसांनी हसू आलं.

"माझ्या मावशीच्या खात्यात करा. दिसतंय का बघा."

खडखड ऐकू आली. "हो सर, दिसतंय. पण मावशींच्या खात्याला थोडा धोका आहे..."

वर्ग हसून लोटपोट झाला. सगळ्यात मोठ्यानं विठाबाई हसत होती. गुरुजींनी फोन बंद केला आणि हसू ओसरेपर्यंत वाट पाहिली.

"मुलांनो, देवीचं नाव घेतो तोच भोंदू, असं मी तीस वर्षं समजत होतो. भोंदू कुठलीही भाषा शिकतो. तुमची श्रद्धा ज्या शब्दांवर असेल ते शब्द तो वापरतो. म्हणून शब्द बघू नका, तो काय करायला लावतोय ते बघा. जो घाबरवतो, घाई करतो आणि कुणाला सांगू नका म्हणतो, त्याचा फोन ठेवा आणि घरातल्या माणसाला हाक मारा. आत्ता केली तशी गंमतसुद्धा करू नका. मी ती केली कारण मला राहवलं नाही."

मग त्यांनी मागच्या बाकाकडं बोट दाखवलं. "आणि हाक मारायला घरात कोणी नसेल, तर बाजारात मेथी घ्यायला जा."