चार बोटं पाणी

गुरुवारी सकाळी विश्वजीतनं गच्चीवरच्या टबाच्या आत बोट बुडवलं आणि तेच ओलं बोट त्रिंबकच्या नाकासमोर धरलं. "मामा, काल वरच्या रेघेपर्यंत भरलं होतं. आज चार बोटं खाली. पाण्याला काय पाय फुटले?"

त्रिंबकनं मान खाली घातली. गारखेड्यातल्या या बंगल्यावर तो तीन वर्षं राखणदार होता. फाटकाजवळच्या खोलीत एकटाच राहायचा. बायको सखूबाई आणि मुलगी प्रांजली बिडकीनच्या पलीकडं, मेंढरांपाशी. विश्वजीतच्या वडिलांचे, तात्यासाहेबांचे गुडघे गेले, तेव्हा विश्वजीतनं हा गरम पाण्याचा टब आणून बसवला होता. आत बसायला बाक, बुडबुडे सोडणारं यंत्र आणि वर गादीसारखं जाड झाकण. ज्या गल्लीत नळाला आठवड्यानं पाणी येतं, तिथं गच्चीवर हौदभर ऊन पाणी! शेजारच्या सुलेखाताई येता-जाता ऐकवायच्या, "आमची भांडी खरकटी अन् तुमचे गुडघे चकचकीत."

"टँकरवाल्याला फोन करून करून माझा जीव गेला," विश्वजीत म्हणाला. "कोणाला देता पाणी? सरळ सांगा. मी काही खात नाही तुम्हाला."

"कुणाला थेंब दिला न्हाई, दादा. मेंढरांची आन."

"मग छडा लागेपर्यंत बंगला सोडायचा नाही."

रविवारी प्रांजलीला बघायला पाहुणे येणार होते. आणि सोयरीक सुचवणारा सुदर्शन नेमका विश्वजीतच्याच गावचा. त्रिंबक न सांगता निघाला असता, तर पाणीचोर पळाला ही बातमी त्याच्या आधी पाहुण्यांच्या ओसरीवर जाऊन बसली असती. न निघावं, तर बैठकीत बापाची जागा मोकळी. इकडं आड, तिकडं विहीर, आणि मधे हा टब.

दुपारभर विचार करून त्यानं टब बसवून गेलेल्या सखाराम मिस्त्रीला फोन लावला. सखाराम छावणी भागात कुठल्याशा कामावर होता. मागून ठोकाठोक ऐकू येत होती.

"कडेची फळी काढ, पंपाच्या खाली हात फिरव. वल्लं लागतंय का?"

"कोरडं ठाक."

"मग बादली घे. आतल्या बाकावर ठेव, टबातलंच पाणी भर. बाहेर जेवढं पाणी तेवढंच आत. दोन्हीकडं खुणा कर. झाकण उघडं, बुडबुडे बंद, अन् एक दिवस कुणी आत बसायचं न्हाई. टबाचं जास्ती उतरलं तर कुठंतरी गळतंय. दोन्ही सारखं उतरलं तर वाफ होऊन उडतंय. बादलीला तर भोक न्हाई ना?"

"अन् चोर असला तर?"

"तर मामा, बादलीतलं बी इमानदारीनं तेवढंच चोर," सखाराम हसला.

शुक्रवारी सकाळी त्रिंबकनं बादली ठेवली. टबाला चिकटपट्टी लावली, बादलीवर आतून खिळ्यानं ओरखडा काढला, आणि तिथंच स्टूल टाकून बसला. तात्यासाहेब काठी टेकत आले आणि शेजारच्या खुर्चीत टेकले.

"आज अंघोळीला सुट्टी?"

"व्हय जी. आज पाण्याची परीक्षा हाय."

"चांगलंय. मला विचारून कोणी हे आणलं नव्हतं," तात्यासाहेब म्हणाले. "जिना उतरवत नाही म्हटलं, तर लेकानं तळं वर आणलं. जिन्याचं काही केलं नाही."

शनिवारी सकाळी त्रिंबकनं बोटं लावून मोजलं. बादलीत दोन बोटं उतरलं होतं. टबातही दोनच. त्याला वाटलं, धावत खाली जावं, ओरडून सांगावं. तो जिन्यापर्यंत गेलाही. तिथं त्याचे पाय अडले.

दोन बोटं. रोज चार उतरत होतं. मग वरची दोन कुठं जायची?

आणि त्याला लख्ख कळलं. रोज पहाटे उठून तोच झाकण काढायचा आणि बुडबुड्यांचं बटण दाबायचा, ते पार दिवेलागणीपर्यंत. साचलेलं पाणी मेंढरू नुसतं हुंगतं आणि तोंड फिरवतं, हे तो बापाच्या मागं चालताना शिकला होता. खेळतं पाणी जिवंत, झाकलेलं पाणी मेलं. म्हाताऱ्या माणसानं मेल्या पाण्यात कशाला बसायचं, म्हणून तो पाणी दिवसभर खेळवत ठेवायचा. काठावरून उठणारी वाफ गच्चीवरच्या वाऱ्याबरोबर जायची. त्याला ती बघायलाही आवडायची.

आता बोलावं तर आपणच गुन्हेगार. गप्प बसावं तर चोर. तो जिन्याच्या वरच्या पायरीवर कितीतरी वेळ तसाच उभा राहिला. तात्यासाहेब येऊन खुर्चीत बसले, आणि शेवटी विश्वजीतच वर आला.

"दोन बोटं वाफेची, मान्य," बादलीत वाकून बघत तो म्हणाला. "उरलेली दोन?"

"ती बी वाफेचीच, दादा. पर ती वाफ म्या केली." आणि त्रिंबकनं सगळं सांगून टाकलं.

विश्वजीत पोट धरून हसला. "आमच्या तात्यांना मेंढरू समजलात होय!"

"बरोबर समजला," तात्यासाहेब खुर्चीतून म्हणाले. "मला हुंगायला दिलं असतं, तर मीही तोंड फिरवलं असतं."

सखारामला पुन्हा फोन झाला. त्यानं सांगितलं ते सगळं त्रिंबकनं त्याच दिवशी केलं. पाण्याची ऊब दोन अंशांनी उतरवली. पश्चिमेच्या कठड्याला वारा अडवायला ताडपत्री बांधली. काठोकाठ न भरता वीतभर जागा मोकळी ठेवली, म्हणजे माणूस आत उतरला की पाणी बाहेर सांडत नाही. आणि झाकण पट्टे आवळून घट्ट. तात्यासाहेब आत बसतील तेवढाच वेळ ते उघडं, तेवढेच बुडबुडे. संध्याकाळी बघितलं तर पाणी जागचं हललं नव्हतं.

विश्वजीतनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मानलं, मामा! बरं, उद्या माझे मित्र येणार आहेत, बायकापोरांसकट. पाण्यात धुडगूस घालतील. तुम्ही इथंच थांबा. तुमच्याइतकं या टबाचं कोणालाच कळत नाही."

"दादा, उद्या पोरीला बघाया पाहुणे..."

"पुढच्या रविवारी बोलवू की! मी सांगतो सुदर्शनला." त्यानं फोन कानाला लावलाही होता. तो इतक्या मायेनं बोलला की नाही म्हणायला त्रिंबकला फटच सापडेना.

"जाऊ दे रे त्याला," तात्यासाहेब म्हणाले.

"मग ते झाकण तुम्ही उचलणार, तात्या?"

तात्यासाहेबांनी झाकणाकडं बघितलं आणि काठी मांडीवर आडवी घेतली.

अंधारायच्या सुमारास सखूबाईचा फोन आला. "सुदर्शन म्हणत व्हता, पाहुणे पुढच्या रविवारी यायचे न्हाईत. त्यांना आणखी दोन पोरी बघायच्या हायेत. उद्या न्हाई तर न्हाई. तुमच्यावर चोरी निघाली का काय?"

"न्हाई. सुटलो त्यातून."

"मग या की!"

"चोर असतो तर हाकलून दिलं असतं, सखू. आत्ता तुझ्यापाशी असतो."

पलीकडं मेंढरं ओरडत होती.

"थोरल्या दाजींना बसवते मग तुमच्या जागी," ती म्हणाली.

"बसव." तो थांबला. "प्रांजली विचारंल."

"विचारू द्या. सांगंन तिला, तुझा बाप लई कामाचा माणूस हाय," सखूबाई म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.