गाठ न सोडता काढलेला फोटो

मी बोलते आहे, चार लाकडी खोक्यांत मावणारी क्ष-किरण पेटी. सातपुड्यातल्या अक्राणीच्या डोंगरात मला फोटोपेटी म्हणतात. मी माणसाच्या आतले सगळे ओळखते, असा माझा लौकिक आहे. तो खोटा आहे. मी केवळ सावल्या टिपते. ओळखण्याचे काम माणसालाच करावे लागते.

माझी घडण युद्धासाठी झाली. वीज नसेल तेथे पेट्रोलच्या इंजिनावर चालावे आणि जखमी शिपायांच्या अंगातल्या गोळ्या शोधाव्यात, म्हणून मला सुटी सुटी बनवले. युद्ध संपले आणि मुंबईच्या एका लिलावात मी जुन्या तंबूंच्या ढिगाशेजारी पडून राहिले. एका धर्मादाय संस्थेने मला विकत घेऊन रेल्वेने नंदुरबारला धाडले. तेथे मी डॉक्टर शांतीबाईंच्या हाती आले. नवापूरकडच्या ख्रिस्ती शेतकरी घरातल्या त्या, बोलणे मोजके. मला हळदकुंकू वाहायला आलेल्यांना त्यांनी नम्रपणे थांबवले आणि कोरड्या फडक्याने माझी धूळ पुसली. त्या मला तेव्हाच पटल्या.

शहाद्यापर्यंत ट्रक, पायथ्यापर्यंत बैलगाडी आणि पुढे माणसांचे खांदे, असा माझा प्रवास असे. सोबत शहाद्याचा कंपाउंडर चुडामण. सत्तेचाळीस सालच्या होळीआधी आम्ही धडगावला पोहोचलो, तोच आमश्या नावाच्या तरुणाला झोळीतून आणले. होळीत उभारायच्या बांबूसाठी तो वाकून खड्डा खणत असताना काठावर रचलेला लाकडांचा भारा त्याच्या पाठीवर कोसळला होता.

पाय आत वळला होता, आखूड झाला होता. खुब्याचा सांधा निखळला हे शांतीबाईंनी पाहताक्षणी जाणले. पण मांडीच्या हाडाची मानही मोडली असेल आणि तसाच पाय ओढला, तर आमश्या जन्माचा पांगळा होणार होता. मोडली नसेल, तर तो तेथल्या तेथे बरा होणार होता. म्हणून मी हवी होते.

अडचण वेगळीच निघाली. आमश्याने होळीचे व्रत घेतले होते. व्रतकऱ्याने खाटेवर टेकायचे नाही आणि कमरेचा घुंगरांचा पट्टा उतरवायचा नाही. खाटेचा प्रश्न सोपा होता. माझा दांडा जमिनीपर्यंत झुकतो. आमश्याला जमिनीवरच ठेवून फोटो काढला. ओल्या घोंगड्यांच्या अंधारात फिल्म धुतली, उजेडात धरली. मी माझे काम चोख बजावले होते: घुंगरांचा अप्रतिम फोटो आला होता. हाड त्यांच्या आड.

गावचा वडीलधारा जेठ्या फिल्म निरखून म्हणाला की घुंगरे छान आली आहेत. चुडामणने कपाळाला हात लावला. "बाई, हाऊ पट्टा निघाव नही, आन् फोटोमा घुंगरूच येतीन. हाड कोठे दखाई?"

आमश्याची आई ठकुबाई पट्ट्यावर हात ठेवून बसली होती. व्रत मोडले तर पाय बरा होऊनही काय उपयोग, असे ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. शांतीबाई तिच्याशी वाद घालत बसल्या नाहीत. जेठ्यासमोर जमिनीवर बसून त्यांनी विचारले, "बाबा, पट्टा जागचा हलू नये, की गाठ सुटू नये? नेमका नेम काय आहे?"

जेठ्याला असे कुणी विचारले नसावे. त्याने विडी विझवली.

"गाठ," तो म्हणाला. "गाठ सुटली नाही पाहिजे."

मग ठकुबाई, चुडामण आणि शांतीबाई यांनी मिळून तो पट्टा बोटबोट वर सरकवला. आमश्या दात आवळून राहिला. पट्टा काखेखाली पोहोचला. गाठ जशीच्या तशी.

दुसरी फिल्म निघाली आणि मला प्रथमच स्वतःचा अभिमान वाटला. हाडाचा गोळा खोबणीबाहेर, पण मान अखंड, स्वच्छ, निःसंशय. ठकुबाईला शांतीबाईंनी सांगितले, "मुसळ उखळाबाहेर पडलंय, मावशी. मोडलेलं नाही."

क्लोरोफॉर्म दिला. चुडामणने कंबर दाबून धरली, शांतीबाईंनी गुडघा वाकवून पाय वर खेचला. खट्ट असा आवाज आला. दोन्ही पाय सारखे झाले. ठकुबाईने ते टाचेला टाच लावून स्वतः पाहिले, मगच ती रडली. त्या वर्षी आमश्या नाचला नाही. पण जमीन सोडली नाही, गाठ सोडली नाही, म्हणून व्रत पूर्ण झाले, असा निवाडा जेठ्याने दिला.

आज माझ्या खोक्यांचे कोपरे झिजले आहेत, इंजिन खोकते. तरी मी घाट चढते आणि थांबण्याचा विचार नाही. माझ्यासमोर माणसे आणणाऱ्यांना एकच विनंती: "हे काढा" म्हणण्याआधी ते का घातले आहे, हे विचारत जा. माझ्या निम्म्या सावल्या त्याने उजळतील.

गेल्या हिवाळ्यात मला वर नेणाऱ्या चौघांत आमश्या होता. सर्वांत जड खोके, इंजिनाचे, त्याने हट्टाने घेतले.

"नीट धरा रे," तो आपल्या बोलीत सोबत्यांना म्हणाला. "हिनं माझं जेवढं पाहिलंय, तेवढं बायकोनंही नाही पाहिलं."

हसता हसता, चढणीवर एकाचा पाय घसरला. तो आमश्याचा नव्हता.